लग्नाचा आहेर : घरी केलेला, घरात लागणारा

मराठवाड्यातील कोणत्याही गावात लग्नसराई संपल्यावर घरातील पेटी उघडून पाहिली, तर तीत पाच-सात टॉवेल, तेवढ्याच टोप्या आणि दहाबारा ब्लाउजपीस घडीही न मोडता ठेवलेले आढळतात. हे सारे कोणाच्या ना कोणाच्या लग्नात आहेर म्हणून मिळालेले असते आणि पुढच्या लग्नात कोणाला तरी आहेर म्हणून जाणार असते. टॉवेल अंग पुसण्याजोगा नसतो, टोपी डोक्याला बसत नाही आणि कापड एका धुण्यात विरते. देणाऱ्यालाही हे ठाऊक असते व घेणाऱ्यालाही. तरी प्रत्येक वधुपिता बाजारातून गठ्ठ्याने हा माल आणतो, कारण पाहुणा रिकाम्या हाताने परत जाऊ नये ही भावना आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे.

ती भावना चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. खण-नारळाने सवाष्णीची ओटी भरणे, उपरणे देऊन वडीलधाऱ्यांचा मान राखणे, निकाहनंतर जमलेल्यांना खारका वाटणे, या साऱ्या चालींमागे आलेल्या माणसाविषयीची कृतज्ञताच आहे. मात्र या कृतज्ञतेचे रूपांतर जेव्हा मानपानाच्या यादीत होते, तेव्हा तिचा भार नेमका त्या घरावर पडतो ज्याला तो सोसणे सर्वांत कठीण असते. मराठवाड्यातील बहुसंख्य शेती पावसाच्या भरवशावर आहे. ज्या वर्षी कापूस किंवा सोयाबीन हातचे जाते, त्याच वर्षी मुलीचे लग्न ठरलेले असू शकते. मग मंडप, जेवण, कपडे यांबरोबर आहेराचा खर्चही उसनवारीने भागविला जातो. लग्नासाठी कर्ज काढू नका, असे संत गाडगेबाबा १९५६ साली देह ठेवीपर्यंत आपल्या कीर्तनांतून गावोगावी विनवीत राहिले. त्याही आधी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, सत्यशोधक समाजाच्या वतीने पहिला विवाह अगदी अल्प खर्चात लावून महात्मा फुले यांनी प्रत्यक्ष उदाहरण घालून दिले होते. उपदेश आणि उदाहरण दोन्ही जुने आहेत. अडचण आहे ती रोजच्या व्यवहाराची. आहेर मुळीच द्यायचा नाही, असे ठरविण्याचे धैर्य एकट्या कुटुंबाला होत नाही. पण आहेर द्यावा, तो घरी तयार करावा आणि तो पाहुण्यांच्या घरात खरोखर वापरला जावा, हा मार्ग कोणत्याही कुटुंबाला चोखाळता येण्याजोगा आहे.

रुखवतातील कौशल्य

घरी केलेली वस्तू लग्नात देणे हे आपल्याकडे कमीपणाचे कधीच नव्हते. लग्नघरात हळद दळली जाई, सवाष्णी मिळून घाणा भरीत, सांडगे-पापड घालण्यासाठी आळीतील बायका जमत. रुखवत म्हणजे तर हस्तकौशल्याचे प्रदर्शनच. मण्यांचे तोरण, क्रोशाचे रुमाल, भरतकामाची चादर, साखरेची फळे अशा वस्तू करण्यात वधू, तिच्या बहिणी आणि मावश्या महिनोन्‌महिने घालवितात. लग्नाच्या दिवशी तासभर त्यांचे कौतुक होते. पुढे त्यांतील किती वस्तू उपयोगात येतात, हे ज्याच्या त्याच्या घरातील माळ्याला ठाऊक!

याच श्रमाचा निम्मा भाग पाहुण्यांच्या आहेराकडे वळविला, तर रुखवताची हौसही भागते आणि बाजारातील खरेदीही वाचते. यासाठी वेगळे शिक्षण लागत नाही. शिवणयंत्र चालविणारी एखादी स्त्री आता बहुतेक वाड्या-वस्त्यांवर आहे. गोधडीचा धावदोरा घालणाऱ्या आजीबाई तर घरोघरी आहेत. वस्तू निवडताना मात्र तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू पाहुण्याच्या घरी आठवड्यातून एकदा तरी हाती येईल काय? प्रवासात ती फुटणार, सांडणार वा नासणार तर नाही ना? आणि दोनशे नग करण्याइतका वेळ घरात आहे काय? देवादिकांच्या तसबिरी, प्लॅस्टरच्या मूर्ती आणि शोभेच्या वस्तू पहिल्याच प्रश्नात बाद होतात. त्या टाकवत नाहीत आणि ठेवण्यास जागाही नसते, अशा पेचात पाहुण्याला टाकणे हा काही त्याचा मान नव्हे.

आणखी एक गोष्ट आरंभीच ठरवावी. आहेर माणशी न देता घरटी द्यावा. सहाशे पाहुणे येणार असतील तर ती साधारणपणे दोनशे घरे असतात, असा अंदाज धरल्यास काम एकदम तिपटीने कमी होते.

कापडी पिशवी

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तेव्हापासून बाजारहाटासाठी कापडी पिशवी ही प्रत्येक घराची गरज झाली आहे. म्हणून आहेरासाठी पहिली निवड पिशवीचीच करावी.

कापड मांजरपाट किंवा जाडसर सुती घ्यावे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून कापण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. ही पायरी कंटाळवाणी असल्याने बहुधा गाळली जाते आणि मग पिशवी पहिल्याच धुण्यात वेडीवाकडी होते. कापडाचा पन्हा ९० सेंटिमीटर असेल तर आटल्यावर तो ८८ सेंटिमीटरच्या आसपास उरतो, असे धरून पुढील हिशेब मांडला आहे.

कापडाच्या लांबीतून ३४ सेंटिमीटरचा तुकडा आडवा फाडावा. या तुकड्याच्या पन्ह्याच्या बाजूने ७८ सेंटिमीटर मोजून खूण करावी व तेथे कापावे. हा ७८ बाय ३४ चा भाग म्हणजे पिशवीचे अंग. बाजूला सुमारे १० सेंटिमीटर रुंदीची पट्टी उरते. ती उभी मधोमध कापली की दोन बंद मिळतात. प्रत्येक बंदाच्या दोन्ही कडा मध्यापर्यंत दुमडून, पुन्हा मध्यावर घडी घालून शिवण मारली म्हणजे सव्वा सेंटिमीटर रुंदीचा चार पदरी मजबूत बंद तयार होतो. कापडाची एक चिंधीही वाया जात नाही, हे या कापणीचे वैशिष्ट्य आहे.

अंगाचा तुकडा मध्यावर दुमडावा. घडीची बाजू तळाला येते, त्यामुळे तळाला शिवण लागत नाही व वजनाने पिशवी उसवत नाही. दोन्ही बाजूंना प्रथम कापडाची सुलट बाजू बाहेर ठेवून काठालगत एक शिवण घालावी, मग पिशवी उलटी करून पहिली शिवण आत झाकली जाईल अशी दुसरी घालावी. या दुहेरी शिवणीमुळे आतून धागे निघत नाहीत. तोंडाशी चार सेंटिमीटरची दुमड घालून बंदांची टोके तीत तीन सेंटिमीटर आत घ्यावीत आणि तेथे चौकोन व त्यात फुली अशी शिवण मारावी. पिशवी साधारण ३० सेंटिमीटर रुंद व ३५ सेंटिमीटर उंच होते. बंद आखूड आहेत, खांद्याला अडकविता येणार नाहीत; पण हातात धरून चार-पाच किलो भाजी सहज आणता येते.

शंभर पिशव्यांना ३४ मीटर कापड लागते. आटणे लक्षात घेऊन ३६ मीटर विकत घ्यावे. जुन्या सुती साड्या घरात असतील तर खर्च आणखी कमी होतो, मात्र विरलेला भाग वापरू नये.

पिशवीवर वधूवरांची नावे, विवाहतिथी व कुळाचे नाव मोठ्या अक्षरांत छापून घेण्याची हौस अनेकांना असते. ती आवरलेली बरी. दुसऱ्याच्या लग्नाची जाहिरात हातात घेऊन भाजी आणण्यास कोणी निघत नाही. नावे घालायचीच असतील तर आतल्या शिवणीत बोटभर कापडी पट्टीवर घालावीत. बाहेरच्या बाजूस एखादी रंगीत किनार किंवा भरतकामाची छोटी वेल पुरे.

वाकळीची घडी

मराठवाड्यात गोधडीला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर घालून धावदोऱ्याने शिवलेली ही वाकळ पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तिचेच छोटे रूप म्हणजे गरम भांडे उचलण्याची किंवा ताटाखाली ठेवण्याची चौकोनी घडी. १८ सेंटिमीटरचे पाच-सहा थर, वरखाली रंगीत कापड, कडेने दुमड आणि बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर धावदोऱ्याच्या रांगा, एवढेच तिचे तंत्र. एका कोपऱ्यात खुंटीला अडकविण्यासाठी फासा ठेवावा.

येथे एकच दक्षता, पण ती फार महत्त्वाची. सर्व थर निव्वळ सुती हवेत. नायलॉन, टेरिलिन वा तत्सम कृत्रिम धाग्याचे कापड गरम भांड्याला लागताच वितळते आणि हात भाजतो. कापडाविषयी शंका असल्यास एक धागा ओढून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. कृत्रिम धाग्याची कडक गाठ बनते.

बियांचे पाकीट आणि कागजीपुऱ्याचा कागद

वैशाख-ज्येष्ठातील लग्नांना बियांच्या पाकिटाइतका समयोचित आहेर दुसरा नाही. लग्न मे महिन्यात होते आणि जूनमध्ये पाऊस येतो. पाहुण्याच्या हातात पाकीट पडते ते पेरणीच्या ऐन तोंडावर. परभणीच्या कृषी विद्यापीठात विकसित झालेले ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण यासाठी चांगले. हे वाण भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देण्याच्या हेतूने तयार करण्यात आले. शिवाय ते संकरित नसून सरळ वाण आहे. म्हणजे एका झाडावरील दोन-तीन शेंगा मुद्दाम वाळू दिल्या तर पुढील वर्षाचे बी घरचेच होते. एका लग्नातील आहेर असा वर्षानुवर्षे परसात उगवत राहू शकतो.

एका कुटुंबाला २५ बिया पुरेशा होतात. दोनशे पाकिटांना अर्धा किलो बी पुरून उरते, त्यामुळे सर्व आहेरांत हा सर्वांत स्वस्त पडतो. बी ताजे असल्याची खात्री करून घ्यावी. त्यासाठी वीस बिया ओल्या कापडात गुंडाळून उबेला ठेवाव्यात व कापड ओलसर राखावे. सहा दिवसांत चौदा किंवा अधिक बियांना मोड आले तर ते बी वाटण्यास योग्य समजावे. दुकानातून आणलेल्या बियांना बऱ्याचदा बुरशीनाशक लावलेले असते व त्यांचा रंग लाल वा निळा दिसतो. लग्नघरात लहान मुले असतात; म्हणून असे बी वाटू नये. घरी राखलेले किंवा औषध न लावलेले बीच वापरावे. हिवाळ्यातील लग्नांत भेंडीऐवजी मेथी, पालक किंवा कोथिंबिरीचे धणे द्यावेत. धणे हलकेच रगडून दोन भाग केलेले असावेत.

बियांच्या पाकिटाला कागद हवा आणि त्यासाठी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला दूर जाण्याचे कारण नाही. दौलताबादच्या पुढे खुलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कागजीपुरा हे गाव आहे. गावाचे नावच त्याचा व्यवसाय सांगते. मुहंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलविली, तेव्हा अनेक कारागीर या परिसरात आले. हातकागदाची येथील परंपरा त्या काळाशी जोडली जाते आणि हिमरू विणकामाचे मूळही लोक तेथेच शोधतात. सुती चिंध्या बारीक करायच्या, पाण्यात कुटून त्यांचा लगदा करायचा, तो हौदात कालवून चौकटीच्या जाळीवर उचलायचा आणि निथळलेला ताव दाबून वाळवायचा, ही या कागदाची कृती. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. एकेकाळी गावात भरभराटीला आलेला हा व्यवसाय गिरणीच्या कागदापुढे आकसला. लग्नपत्रिका व आहेराची पाकिटे यांना हा कागद वापरला गेला, तर त्या कारागिरांच्या हातालाही काम मिळते.

हातकागद जाड असतो. तो बोटाने दुमडला तर घडीवर फुटल्यासारखा दिसतो. पट्टी ठेवून, चमच्याच्या पाठीने रेघ ओढून मग घडी घालावी. डिंकाऐवजी टोक खाचेत अडकविण्याची युक्ती केली तर पाकीट पुन्हा वापरता येते. हा कागद हवेतील ओल शोषून घेतो, म्हणून त्यात बियाणे ठेवावे, पण पाकिटे भरल्यावर लग्नापर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात राहू द्यावीत. पाकिटावर बियांचे नाव, पेरण्याचा महिना आणि दोन ओळींची माहिती हाताने लिहावी. बी रात्रभर भिजवावे, बोटाच्या एका पेराइतके खोल लावावे, दोन रोपांत हातभर अंतर ठेवावे, एवढे पुरते. घरातील शाळकरी मुलांकडे हे काम सोपविले तर त्यांचेही अक्षर लग्नाच्या कामी येते.

खाद्यपदार्थांविषयी

जवसाची चटणी ही मराठवाड्याची खूण. ज्वारीच्या भाकरीबरोबर तिचा घास शहरात स्थायिक झालेल्या पाहुण्याला विशेष गोड लागतो. सात किलो जवस, दीड किलो तीळ, सहाशे ग्रॅम लाल तिखट, अर्धा किलो मीठ आणि पाव किलो जिरे घेतले तर भाजल्यावर दोनशे घरांना प्रत्येकी सुमारे ४५ ग्रॅम चटणी पुरते. जवस तडतडेपर्यंत मंद आचेवर भाजावे, तीळ व जिरे निराळे भाजावेत आणि सर्व पूर्णपणे थंड झाल्याशिवाय कुटू नये. गरम असता कुटलेली चटणी तेल सोडते व तिचा गोळा होतो. सुके खोबरे व लसूण चवीला चांगले असले तरी टिकाऊपणाला मारक आहेत. आहेराच्या चटणीत ते नकोत.

जवसाच्या तेलाला उष्णतेने लवकर खवट वास येतो. मे महिन्यात येथील पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. म्हणून चटणीचा आहेर हिवाळ्यातील लग्नापुरताच ठेवावा, लग्नाआधी आठवड्याभरात करावा आणि पुडीवर केल्याची तारीख घालावी. पुडीसाठी आत तेलकट न होणारा कागद व बाहेर हातकागद वापरावा. घरच्या लग्नात वाटण्यासाठी कोणतीही औपचारिकता लागत नाही. परंतु एखादा बचत गट अशा पुड्या मागणीनुसार करून विकणार असेल, तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घेणे आवश्यक आहे.

ज्यांना खाद्यपदार्थांची जोखीम नको त्यांनी उटणे द्यावे. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा व मसुरीचे पीठ वस्त्रगाळ करून एकत्र केले की ते कोरड्या जागी महिनोन्‌महिने राहते आणि दिवाळीला उपयोगी पडते. लोणची, मुरंबे व काचेच्या बाटलीतील काहीही देऊ नये. बसच्या गर्दीत त्यांचे काय होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

श्रमाचा हिशेब

खर्च वाचला, पण घरातील बायकांची कंबर मोडली, असे झाले तर या साऱ्याला अर्थ उरत नाही. म्हणून वस्तू ठरविण्यापूर्वी वेळेचा हिशेब मांडावा. समजा, एका पिशवीला कापणीसह वीस मिनिटे लागतात. दोनशे पिशव्यांना ४,००० मिनिटे, म्हणजे सुमारे ६७ तास झाले. एकट्या स्त्रीने रोज दोन तास दिले तर ३४ दिवस जातील. चौघींनी वाटून घेतले तर नऊ दिवसांत काम आटोपते. पुरुषांनी कापड भिजविणे, मोजणे, फाडणे, इस्त्री करणे आणि बंद दुमडणे ही कामे अंगावर घेतली, तर शिवणयंत्रावर केवळ शिवणच उरते व वेळ आणखी कमी होतो. लग्न दोन्ही घरांचे असते. वराकडील मंडळींनी निम्म्या पिशव्या शिवून आणल्या तर त्यात त्यांचा मान कमी होण्याचे कारण नाही. ही गोष्ट बैठकीत, याद्या करतानाच बोलून घ्यावी. मागाहून बोलल्यास ती मानपानाचा विषय होते.

ज्या घरात माणूसबळच नाही, त्यांनी बाजाराऐवजी गावातील महिला बचत गटाकडे मागणी नोंदवावी. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाच्या आणि ‘उमेद’ अभियानाच्या आधाराने उभे राहिलेले बचत गट आज जिल्ह्याच्या सर्व तालुक्यांत आहेत. त्यांपैकी अनेक गट शिवणकाम, मसाले व पापड यांची कामे करतात. गटाला किमान दीड महिना आधी सांगावे, एक नमुना करून घ्यावा, तो धुऊन पाहावा आणि मगच उरलेल्या कामासाठी कापड द्यावे. अनामत रक्कम म्हणून कापडाची किंमत आगाऊ द्यावी, कारण गटातील स्त्रियांना स्वतःचे पैसे गुंतवून दोनशे नगांचे कापड आणणे परवडत नाही.

आहेर देण्याच्या पद्धतीचाही विचार व्हावा. मंडपात नाव पुकारून, एकेकाला उठवून आहेर देण्यात तासन्‌तास जातात, कोणाचे नाव राहून जाते आणि नेमका तोच पाहुणा रुसतो. त्यापेक्षा पिशवीत बियांचे पाकीट व विड्याचे पान-सुपारी घालून, जेवण आटोपून निघणाऱ्या पाहुण्यांच्या हाती मंडपाच्या दाराशी द्यावी. तेथे वधूची आत्या किंवा मामी अशा, सर्व नातेवाईक ओळखणाऱ्या दोघींना बसवावे आणि घरांची यादी त्यांच्याजवळ असू द्यावी. ठरलेल्या संख्येहून दहा पिशव्या अधिक शिवाव्यात. मंडपवाले, आचारी, वाजंत्री आणि पाणी भरणाऱ्या बाया यांची नावे कोणत्याच यादीत नसतात.